सीटखालची फाइल

कोथरूड, पुणे
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शौनक,

आम्ही हिंजवडीत फ्लॅट बघत नाही आहोत. गेल्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी 'बघू, बघू' असं काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन आईच्या हातात दिला. ही बातमी तुझ्यापर्यंत कशी आली तेही मला माहीत आहे. पहिल्या मजल्यावरच्या प्रेमलाताईंनी आम्हाला पार्किंगमध्ये गाठलं, कुठून आलात म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून हिंजवडी निघून गेलं. मग ते झाकायला फ्लॅटची थाप मारली. त्यांनी ती त्यांच्या अभयला फोनवर सांगितली आणि अभयने तुला. पार्सलं इतक्या वेगाने पोचवणारी कंपनी अजून निघालेली नाही.

'पत्र बघून घाबरू नकोस' असं पहिलं वाक्य लिहिलं होतं. पण घाबरण्यासारखं यात आहे, म्हणून तो कागद फाडला. मावशीची स्वराली परवा तिकडे यायला निघते आहे. तिच्याबरोबर द्यायला आईने डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेप आणि सहा दुपटी असा सगळा संसार बांधून ठेवलाय. त्यात पत्र ठेवलं असतं तर आईला सापडलं असतं, कारण ती ते सामान दिवसातून दोनदा उघडून परत लावते. म्हणून तू मागवलेल्या मार्कशीटच्या पाकिटात हे घातलं आहे. फोनवर लिहून पाठवायची सोय नाही. माझे मेसेज माझ्याआधी आई वाचते. मला चष्मा सापडेपर्यंत तिने उत्तरही दिलेलं असतं, आणि ते माझ्यापेक्षा बरं असतं.

तर हिंजवडीचं. बुधवारी, १२ तारखेला, आम्हाला अकरा वाजता तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये पोचायचं होतं. आईच्या घशासाठी. तू दर रविवारी विचारतोस आणि ती 'थंडीने बसलाय' म्हणते, तोच घसा. तो जूनपासून बसलेला आहे. जूनमध्ये पुण्यात थंडी नसते हे तुझ्या लक्षात आलं नाही, त्याचं मला काही नाही, तू सात हजार किलोमीटरवर आहेस. मी त्याच घरात राहतो. मला कळायला ऑगस्ट उजाडला. सप्टेंबरमध्ये आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, ऑक्टोबरमध्ये घशातला तुकडा काढून तपासला, आणि जे निघू नये असं आपण म्हणतो तेच निघालं. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. हा शब्द मी आजवर घरात मोठ्याने उच्चारलेला नाही. आज लिहिला.

मुंबईहून एक मोठे सर्जन त्या हॉस्पिटलमध्ये फक्त बुधवारी येतात, अकरा ते साडेबारा. त्यांची वेळ मिळायला तीन आठवडे गेले होते. आता तू म्हणशील, कोथरूड सोडून हिंजवडी का? इथे हॉस्पिटलं काय कमी आहेत? कमी नाहीत, पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला कोथरूडच्या कुठल्याही हॉस्पिटलात तोंड लपवता येत नाही. प्रत्येक रांगेत कोणीतरी 'बाई, तुम्ही इथे?' म्हणून उठून उभं राहतं. आईला हे कुणालाही कळायला नको होतं, कारण कुणालाही कळलं की प्रेमलाताईंना कळणार, मग अभयला, मग तुला आणि मग आमच्या सुनेला, अवनीला. आणि अवनीला आठवा महिना लागलाय. आईच्या डोक्यातला हिशेब इतका सरळ होता. मीही मान डोलावली. आपल्या घरात वाईट बातमी दाबून ठेवण्याला आपण काळजी घेणं म्हणतो. आजोबांच्या वेळी तुझी बारावी होती, तेव्हा तुलाही आठ दिवस 'गावाला गेलेत' म्हणूनच सांगितलं होतं. तू त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास. मी त्यातून काही शिकलो नाही.

टॅक्सी दारात बोलावली असती तर वॉचमनने विचारलं असतं, कुठे निघालात. म्हणून तुझी मोटरसायकल काढली. गाडीवर दोघं, आईच्या खांद्याला कापडी पिशवी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं मंडईत निघालेत. प्रश्न फाइलचा होता. हॉस्पिटलची ती जाड पुठ्ठ्याची फाइल, वर वीतभर निळ्या अक्षरांत नाव. पिशवीत ती मावेना, डोकं बाहेर काढून बसायची. मग मी गाडीची सीट उघडली, आत बॅटरीशेजारी थोडी जागा होती तिथे फाइल वाकवून कोंबली आणि वरून सीट दाबून बसवली. फार हुशारी केल्यासारखं वाटलं मला त्या वेळी.

अडुसष्टाव्या वर्षी चौसष्ट वर्षांच्या बायकोला मागे बसवून हायवेने अठरा किलोमीटर जाणं हा शहाणपणा नाही, हे मला मान्य आहे. पण गाडी छान चालली. तेरा वर्षांची गाडी, मी दर रविवारी चालू करतो, तेल बघतो, तू येशील तेव्हा तयार असावी म्हणून. हॉस्पिटल तीनएक किलोमीटरवर राहिलं होतं. कंपन्यांच्या बसगाड्या एकीला एक चिकटून उभ्या राहतात त्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे, कोणाच्या तरी मनात राग असताना बांधल्यासारखा. त्यावरून आमची गाडी धाडकन आदळली आणि इंजिन बंद पडलं. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

मी अजिबात घाबरलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं त्यातच बिघडलं. एकतीस वर्षं कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली माझी. बंद इंजिन म्हणजे तीनच गोष्टी, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. यांतली एक नसते, ती शोधायची. आईला मी रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत बसवलं, पाच मिनिटं म्हणालो, आणि बाह्या सरसावल्या. हँडलवरचं लाल बटण बघितलं, चालूवर होतं. टाकीत पेट्रोल होतं, नळी काढून बघितली, धार येत होती. हॉर्न वाजत होता, दिवा लागत होता, म्हणजे बॅटरीची काळजी नाही, म्हणजे सीट उघडायचं कारण नाही. आणि खरं सांगायचं तर भर रस्त्यात ती फाइल मला बाहेर काढायचीही नव्हती. चोक ओढून किका मारल्या, चोक न ओढता मारल्या. प्लग काढला, रुमालाने पुसला, इंजिनाला टेकवून हाताने किक दाबली. ठिणगी नाही. परत पुसला. परत नाही. बाजूने बसगाड्या जात होत्या, खिडक्यांतून तुझ्या वयाची मुलं माझ्याकडे बघत होती आणि परत आपल्या फोनमध्ये बघत होती. मला घाम फुटला होता, पण आत्ता सापडेल, पुढच्या मिनिटाला सापडेल, असं मनात चालू होतं. तुला माहीत आहे माझं कसं होतं ते. इंजिन समोर असलं की मला घड्याळ दिसत नाही, माणूस दिसत नाही.

असा किती वेळ गेला कोण जाणे, माझ्या पाठीवर कोणीतरी थापटलं. आई होती. रस्ता ओलांडून आली होती, धापा टाकत होती, चेहरा लाल झाला होता. तिने हाताने पलीकडे दाखवलं, मग रस्त्याच्या टोकाकडे दाखवलं. मला कळायला वेळ लागला. तिने एक रिक्षा थांबवली होती. रिक्षावाला थांबायला तयार होता, म्हणाला होता नवऱ्याला बोलवा. आणि ती मला हाक मारत होती, शौनक. पायरीवर उभी राहून, मग रस्त्याच्या कडेला येऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारत होती. मधे वीस-पंचवीस फूट रस्ता. तिचा आवाज तेवढा रस्ता ओलांडत नव्हता. मी तिच्याकडे पाठ करून प्लग पुसत होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, रिक्षावाल्याने हात हलवला आणि तो निघून गेला. तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. त्या रिक्षात बसलो असतो तर आम्ही वेळेत पोचलो असतो.

ती रागावली नाही. रागवायलाही आवाज लागतो. तिने फक्त माझ्या कपाळावरचं ग्रीस पदराने पुसलं. मला एकदम आठवलं, ही चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून तुला हाक मारायची तेव्हा तू ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला फलंदाजी सोडून बॅट खाली टाकायचास. तुझ्याबरोबर दुसऱ्यांची दोन-चार मुलंही घरी जायला निघायची. तिच्या वर्गात साठ मुलं असायची आणि तिने एकदा 'हं' म्हटलं की चिडीचूप. माझ्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय की तो गेलाय हे डॉक्टरांनी सांगूनसुद्धा मला खरं वाटलं नव्हतं. हिंजवडीच्या रस्त्यावर, हातात प्लग धरून उभा असताना ते मला कळलं. मला रडू आलं आणि मी ते घामाबरोबर पुसून टाकलं.

त्यानंतर माझं डोकं ताळ्यावर आलं, पण रिक्षा मिळेना. आईच्या फोनवरच्या ॲपमध्ये एक रिक्षा दोनदा 'येते आहे' म्हणाली आणि दोनदा आलीच नाही. शेवटी मी गाडी ढकलत निघालो आणि आई मागून चालत. दोनशे पावलांवर एक गॅरेज होतं, पत्र्याची शेड, रंगराव नावाचे गृहस्थ. साठीच्या आसपासचे, तिथलेच मूळचे. समोरच्या कंपनीचं पार्किंग आहे तिथे त्यांचा ज्वारीचा पट्टा होता, हे त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांनी आम्हाला विचारलं, कुठं निघालाय? मी तोंड उघडायच्या आत आई पुटपुटली, 'पाहुण्यांकडे.' सवय, दुसरं काय. त्या माणसाचा प्रेमलाताईंशी, अभयशी, तुझ्याशी, अवनीशी काही संबंध असण्याची शक्यता नव्हती. पण आम्ही त्यालाही सांगितलं नाही. पाहुण्यांकडे जाणाऱ्यांना कसली घाई असणार? त्यांनी आधीचं पंक्चर पुरं केलं, आम्हाला चहा मागवला, मग सावकाश आमच्या गाडीला हात घातला.

प्लग बघितला, वायर बघितली, टेस्टरचा दिवा लावून बघितला, आणि म्हणाले, 'काका, ठिणगीपत्तुर करंटच येत न्हाय. मधी कुणी तोडलाय. चोरबटन बसवलंय का गाडीला?' आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू दुसऱ्या वर्षाला होतास. सोसायटीतून आठवड्यात दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या. तू एका रविवारी दुपारभर खाली बसून, लपवलेलं एक बटण गाडीत घातलंस. ते दाबलं की किल्ली असूनही गाडी चालू होणार नाही. मग वर आलास, हात कोपरापर्यंत काळे, आणि म्हणालास, बाबा, खाली येऊन बघा ना. तू कंपनीची अखंड वायर कापून मधे जोड दिला आहेस हे तुझ्या तोंडून कळलं, तेवढं मला पुरलं. मी म्हणालो, असली कसाबकरणी मला बघायची नाही. तू एकटाच परत खाली गेलास. मी आलो असतो तर ते बटण कुठे आहे हे मला माहीत असतं. आणि नसतो आलो बटणासाठी, तरी तुझ्यासाठी यायला हवं होतं. तेरा वर्षांनी लिहितोय, पण लिहितोय. माझं चुकलं.

सव्वाअकरा झाले होते. तुझ्याकडे पावणेसात, म्हणजे तू उठलेला. एका वाक्याचं काम होतं, शौनक, तुझं चोरबटण कुठे आहे? मी खिशातून फोन काढला, तुझं नाव काढलं. आईने तो माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. मी तिला म्हणालो, डॉक्टर जातील. तिने मान हलवली. तिचंही बरोबर होतं. तू पहिला प्रश्न विचारला असतास, बुधवारी सकाळी आईला गाडीवर घेऊन हिंजवडीत काय करताय? फ्लॅटची थाप तोवर सुचलेली नव्हती. तुझा नंबर मला पाठ नाही. जगात एकच माणूस होता ज्याला उत्तर माहीत होतं, आणि त्यालाच आम्ही विचारू शकत नव्हतो. मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून राहिलो. इंजिनांसमोर मी आयुष्य काढलंय, पण इतका हताश कधी झालो नव्हतो.

रंगरावांनी एकेक वायर हाताने चाचपत टाकीखालून सुरुवात केली. टाकी उतरवली, परत चढवली. बाजूचे पत्रे काढले. शेवटी सीटच राहिली. सीट काढतो म्हटल्यावर आईने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मग ती दुसरीकडे बघायला लागली. सीट निघाली, फाइल निघाली, आणि फाइलचा पुठ्ठा जिथे टेकला होता तिथे बॅटरीच्या मागे अंगठ्याएवढं काळं बटण, आत दबलेलं. गतिरोधकावर आमचं दोघांचं वजन त्या सीटवर आदळलं, सीट फाइलवर आणि फाइल बटणावर. रंगरावांनी अंगठ्याने ते परत दाबून वर काढलं, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. बारा वाजून वीस मिनिटं.

त्यांनी फाइल माझ्या हातात देताना वरचं नाव वाचलं. मग आईच्या गळ्याभोवती गुंडाळलेल्या मफलरकडे बघितलं. म्हणाले, 'मावशी, दवाखान्यात जायचं हुतं तर पयलं का न्हाय बोलला? स्कूटर हाय की माझी. आतल्या रस्त्यानं पाच मिन्टात सोडलं असतं.' आवाजात रागच होता त्यांच्या, आपल्या माणसावर यावा तसा. आम्ही दोघं शाळेत पकडलेल्या पोरांसारखे उभे. आजवर मी ते वाक्य शंभर वेळा ऐकलंय. भाजी चिरताना, दाढी करताना ऐकू येतं.

सीट परत बसवून, बसगाड्यांच्या गर्दीतून आम्ही पोचलो तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. डॉक्टर दहा मिनिटांपूर्वी निघून गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, पुढच्या बुधवारी सर रजेवर आहेत, त्याच्या पुढच्याचा नंबर देते. बाहेर बाकावर बसल्यावर आईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बरं झालं, पंधरा दिवस मिळाले. त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. तिने घरी येऊन त्या पंधरा दिवसांत चार दुपटी शिवली.

आता तुझी एक तक्रार. दिवाळीत तू मला विचारलंस, आई माझ्याशी तुटक का बोलते, दोन वाक्यांत फोन का ठेवते. आणि मी म्हणालो, तू तिकडे घर घेतलंस ते तिने मनाला लावून घेतलंय, होईल हळूहळू. शौनक, ते साफ खोटं होतं. तिला घराचा आनंद झालाय. स्वयंपाकघराचा फोटो तिने मला मोठा करून करून दाखवलाय, ओटा किती मोठा आहे बघा म्हणून. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, आणि 'आवाज टिकत नाही म्हणून ती फोन ठेवते' हे सांगायची मला बंदी होती. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी जपून, मोजून बोलताय, आणि ते मी शेजारी बसून ऐकतो. तू अपराधी झालास, तिला वाटतं तू कामात बुडालास. हे मी केलंय. तिला यातलं काही माहीत नाही.

या बुधवारी, २६ तारखेला, आम्ही टॅक्सीने गेलो, दारातून, वॉचमनसमोर. डॉक्टर भेटले. पंधरा दिवसांनी फरक पडलेला नाही असं ते म्हणाले, खरं म्हणून की माझ्या चेहऱ्याकडे बघून, ते मला कळलं नाही. ऑपरेशन १२ डिसेंबरला आहे. जीव वाचेल, असं ते बऱ्यापैकी खात्रीने म्हणतात. पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार आहे. नंतर काही लोक यंत्र लावून, सराव करून बोलतात, पण हा आवाज, तुझ्या आईचा, १२ तारखेनंतर राहणार नाही. तिने ते ऐकून घेतलं, सही केली आणि येताना रस्त्यात मला शपथ घातली की शौनकला फोनवर यातलं अक्षर बोलायचं नाही. मी हो म्हणालो. पत्राचा विषय निघाला नव्हता. स्वरालीचं विमान सुटलं की मी हे आईला सांगणार आहे आणि तिचं जे काय असेल ते ऐकून घेणार आहे. अवनीला सोडून ये असं मी म्हणू शकत नाही, आणि येऊ नकोस असंही माझ्याच्याने लिहवत नाही. अवनीला सांगायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, आम्ही आता कोणाच्या वतीने काही ठरवणार नाही. बाळंतपणाला यायचं २८ डिसेंबरचं तिकीट आईने अजून रद्द केलेलं नाही, तेवढं तिला विचारू नकोस. हे पत्र तुला मिळेल त्यानंतर ऑपरेशनच्या आधी एकच रविवार उरतो, ७ तारखेचा. त्या दिवशी ती फोन करेल. तो रेकॉर्ड कर, बाळासाठी. तिला विचार, तू लहानपणी कसा होतास, तुला झोपवायला काय म्हणायची, बाळाचं नाव काय ठेवायचं. आवाज घोगरा आहे, मधे मधे तुटेल, ती 'बरं, ठेवते' म्हणेल. तू ठेवू नकोस. माझा तिच्याशी संसार झालाय चाळीस वर्षं, मी तो आवाज रोज ऐकून वाया घालवला. तू त्या रविवारी नुसता ऐक.

तुझाच,
बाबा